यादीतलं सतरावं नाव

दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहून द्या असा फोन आला, तेव्हा मी एका मेलेल्या माणसाचं रेशनकार्ड बनवत होते. घाबरू नका, माणूस सिनेमातला. रेशनकार्डही सिनेमातलंच. मी म्हटलं, "अहो, अनुभव रिटायर झालेली माणसं लिहितात, मी सत्तावीस वर्षांची आहे." तर संपादकबाई म्हणाल्या, "मग लवकर लिहून द्याल." हे मात्र खरं! माझा टायपिंगचा स्पीड सगळ्या युनिटमध्ये फेमस आहे. बोटं पुढं जातात, विचार मागनं धापा टाकत येतो. इथंही तसंच होणार, सांभाळून घ्या.

तर माझं काम. सिनेमात जो जो कागद दिसतो तो मी बनवते. हिरोईनचं पत्र, कोर्टाची नोटीस, लग्नपत्रिका, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, भिंतीवरचं कॅलेंडर, एसटीचं तिकीट, सगळं. सेटवर मला कागदताई म्हणतात. लोकांना वाटतं, त्यात काय, प्रिंट मारायची. मारून बघा! नवा कागद कॅमेऱ्यात नवाच दिसतो. जुनं पत्र करायचं तर चहाच्या पाण्यात बुडवायचं, वाळवायचं, इस्त्री मारायची, मग घडी घालून चार दिवस मागच्या खिशात घेऊन हिंडायचं. घडीवर कागद विरायला लागला की पत्र तयार. एका सिनेमासाठी आजोबांच्या नावाचा सातबारा हवा होता, त्याच्यावर मी आठवडाभर बसून होते. अक्षरशः बसून. आणि एवढं करून माझं काम कोणाला दिसता कामा नये. थेटरात कोणी म्हणालं, "कागद काय भारी बनवलाय," की मी नापास.

हे सगळं मी शिकले कोरेगावात, बबनदादांच्या फ्लेक्सच्या दुकानात. बारावीनंतर मला आर्ट कॉलेजला जायचं होतं, नंबर लागला नाही. एक वर्ष कुठं तरी बस म्हणून घरच्यांनी दुकानात बसवलं आणि मी तिथं तीन वर्षं बसले. आमच्याकडं फ्लेक्स कशाचाही लागतो. वाढदिवस, पोलीस भरती, सैन्यातनं सुट्टीवर आलेला जवान, शर्यत जिंकलेला बैल. बैलाच्या फ्लेक्सवर बैलाचा मालक म्हणाला होता, "माझा फोटू बारका घे, त्येचा मोठा घे, आन त्येच्या शिंगावर कुणाचं नाव येऊ देऊ नगंस." असलं गिऱ्हाईक मला लय आवडायचं, काय पाहिजे ते पक्कं माहीत!

बबनदादांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली पट्टी. छापून झालेल्या फ्लेक्सवर चूक निघाली तर सगळा फ्लेक्स परत छापायचा नाही, तेवढ्याच मापाची पट्टी छापून वर चिकटवायची. पुढाऱ्याचं पद बदललं की पट्टी. कार्यक्रमाची तारीख गेली पुढं, पट्टी. दुसरी गोष्ट नावांची. "अश्विनी, खाली एकट्याचंच नाव टाकलं तर कुणी इश्वास ठेवत न्हाई. वीस नावं टाक. वीस नावांत त्ये एक खरं वाटतंय."

ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा. तिनंच घोळ केला.

गेल्या वर्षी आम्ही सांगलीत, विश्रामबागला एका सिनेमाचं शूटिंग करत होतो. कॉलेजच्या पोरांची कॉमेडी. गोष्ट अशी, की बारावी झालेल्या एका पोराचा कुठंच नंबर लागत नाही. घरी सांगायचा धीर होत नाही म्हणून तो "लागला" म्हणतो. मग काय, आई रोज डबा देते, हा डबा घेऊन निघतो आणि एसटी स्टँडवर जाऊन बसतो. तिथं त्याला दिसतं, की समोरच्या बाकावरची दोन पोरं, पाण्याच्या टाकीजवळची एक पोरगी, हेही रोज डबा घेऊन येतात आणि कुठल्याच गाडीत बसत नाहीत! मी स्क्रिप्ट वाचताना जोरजोरात हसले होते.

त्यातला पहिलाच मोठा सीन यादीचा. कॉलेजच्या बोर्डावर ॲडमिशनची यादी लागलेली, समोर पोरापोरींची झुंबड, सगळ्यांची नावं आहेत, फक्त हिरोचं नाही. तो चिडून यादी फाडतो. आता खरी यादी इंग्रजीत असते आणि हल्ली मोबाइलवरच येते. पण सिनेमात बोर्डावर पाहिजे, आणि मराठीत पाहिजे, कारण प्रेक्षकाला लांबनं वाचता आली पाहिजे. मी मनानं साठ नावं बनवली, छापली, लावली.

गर्दीसाठी आजूबाजूची पोरं बोलावली होती. ऐन ॲडमिशनच्या दिवसांत दिवसभर रिकामी असणारी कॉलेजच्या वयाची पोरं. ती रिकामी का असतील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. खरंच नाही आलं.

रिहर्सल झाली. पोरं बोर्डाकडं अशी बघत होती, जसं बंद पडलेल्या घड्याळाकडं बघावं. डायरेक्टर सर ओरडले, "अरे, तुमचं आयुष्य आहे त्या बोर्डावर!"

मागनं एक पोरगा म्हणाला, "सर, पण आमचं नाव न्हाई की त्यात."

सगळी हसली. मी नाही हसले, माझी बोटं शिवशिवली! मी गर्दीच्या पोरांची हजेरी उचलली, लॅपटॉप उघडला आणि वीस मिनिटांत त्या सगळ्यांची नावं यादीत टाइप केली. खरी नावं, बापाच्या नावासकट. कोणाला काही बोलले नाही. गुपचूप यादी बदलली.

ॲक्शन! आणि काय सांगू तुम्हाला. पहिल्या पोरानं आपलं नाव बघितलं आणि किंचाळला. मग सगळी तुटून पडली. एकानं टेक चालू असताना आईला फोन लावला. आणि एक बारीक अंगाची पोरगी सतराव्या नावावर बोट ठेवून उभी राहिली, बोट हळूहळू नावावरनं फिरवलं, आणि तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं.

"कट! ही कोण? हिला पुढं घ्या!" सर खूश.

ती वैष्णवी. कोरेगावच्या पूर्वेला, पार खटावच्या अंगाला तिचं गाव, म्हणजे माझ्याच तालुक्यातली. बारावीनंतरच्या परीक्षेच्या क्लाससाठी सांगलीत रूम करून राहिलेली. तिच्यासोबत तिचे आजोबा, आप्पा, पोरीवर लक्ष ठेवायला गावाकडनं येऊन राहिले होते. लिंबाखाली काठी घेऊन बसायचे. आयुष्यभर मेंढरं राखलेली. वाचता फारसं येत नव्हतं, पण नातीचं नाव मराठीत कुठंही असलं तरी ओळखायचे, तिच्या शाळेच्या वह्यांवर बघून बघून.

हिरोला यादी नीट फाडता येईना. कधी मधेच अडकायची, कधी बोर्डच पडायचा. बारा टेक झाले. बारा याद्या मी लावल्या, बारा त्यानं फाडल्या. आप्पा प्रत्येक टेकला एक खडा बाजूला टाकत होते.

"बाळ, पुन्यांदा फाडली व्हय?"

"हो ना आप्पा."

"किती कागद घालवतोय त्यो. त्येला एकदा मेंढराची लोकर कातरायला बशीव, हात वळंल."

आणि बाराही वेळा वैष्णवीचे डोळे भरून आले. मी म्हटलं, काय जातिवंत ॲक्टर आहे! त्या दिवशी सरांनी सगळ्यांसमोर माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. मी हवेत. तेरावी यादी बोर्डावर तशीच लावून आम्ही जेवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बबनदादांचा मेसेज आला. मी दुकान सोडलं तरी अडलं की मला विचारतात. "हा फोटो मोठा केला की लय फाटत होता, मी जमवला. बरा दिसतो का बघ." खाली फ्लेक्सचं डिझाइन. मी उघडलं. 'सांगलीच्या नामांकित कॉलेजमध्ये निवड झाल्याबद्दल कु. वैष्णवी हिचे हार्दिक अभिनंदन.' वैष्णवीचा चेहरा एका काळ्या कोटावर बसवलेला, डोक्यावर पदवीदानाची टोपी. ते बबनदादांचं ठेवणीतलं धड आहे, त्याच्यावर अर्ध्या तालुक्याची डोकी बसलीत. वरच्या ओळीत पुढारी, खालच्या ओळीत शुभेच्छुक, कोपऱ्यात फेटा बांधलेले आप्पा. आणि मागं, पुरावा म्हणून, यादीचा फोटो.

माझी यादी! माझी बॉर्डर, माझा फॉन्ट, सतरा नंबरला गोल केलेला.

मी फोन लावला. "दादा, छापू नका! ती खोटी यादी आहे, सिनेमातली!"

"आगं, छापला की. सकाळी सकाळीच न्हेला त्यांनी. वर बी चढला आसंल."

झालं होतं असं. आम्ही जेवायला गेलेलो असताना वैष्णवीचा चुलतभाऊ सोन्या आप्पांना गावाकडं न्यायला टेम्पो घेऊन आला. बोर्ड समोरच. त्यानं बहिणीचं नाव बघितलं, फोटो काढला, स्टेटसला टाकला. तो आला तेव्हा टेक संपलेले, हिरो जेवायला गेलेला. त्याला कसं कळणार?

मी वैष्णवीला शोधलं. ती पायरीवर बसून उप्पीट खात होती. मी फोन पुढं धरला. ती बघत राहिली, हसेल असं वाटलं मला. ताटली खाली ठेवली तिनं.

"ताई, तिसरी यादी सोमवारीच लागली. खरी. माझं नाव न्हाई त्यात. घरी मी सांगितलंय, यादी अजून यायची हाय."

"अगं, मग काल जे रडलीस..."

"पहिल्यांदा खरंच वाटलं. मग अकरा वेळा आठवलं, की न्हाई."

मी पायरीवर तिच्या शेजारी बसले.

"काका म्हणतात, बारावी झाली, बास झालं आता," ती म्हणाली. "घरात एकटा आप्पा म्हणतो, ती शिकंल. माझ्यासाठी सगळ्यांशी भांडून बसलाय त्यो. आता गावात फ्लेक्स लागला. उद्या खरं कळलं की सगळी त्यालाच हसणार."

मी सरांकडनं एक दिवस सुट्टी घेतली. दोघी रेल्वेनं निघालो. कराड गेलं, रहिमतपूर गेलं, ती खिडकीतनं बाहेर बघत तोंडातल्या तोंडात काय तरी जुळवत होती. आप्पाला सांगायचं वाक्य. प्रत्येक स्टेशनला नवीन.

कोरेगावातनं एसटी धरली, तिच्या गावात उतरलो तर समोरच फ्लेक्स. मी शेकड्यानं फ्लेक्स केलेत, पण एवढा मोठा कधी वाटला नव्हता. आणि त्याच्या खाली, कट्ट्यावर, आप्पा. जाणारा येणारा रामराम घालत होता.

"या, कागदताई," आप्पा म्हणाले. वैष्णवीकडं मात्र बघेनात.

तिनं जुळवलेलं वाक्य काही आलं नाही. "आप्पा, ती यादी..."

"ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"शूटिंगची हाय. बारा खडं टाकलं की मी. खरी यादी कुणी बारा येळा फाडतंय व्हय?"

ती बघतच राहिली. मी पण!

"मग सोन्याला बोलला का न्हाईस?"

आप्पांनी काठी या हातातनं त्या हातात घेतली. "सोन्या टेम्पोत म्हणला, आप्पा, तू म्हणत हुतास तसं झालं बघ. आपल्या घरात मला आसं कवा कुणी म्हणलं न्हाई गं. म्हणलं, कराडपतुर ऱ्हाऊ दे. कराड आलं, म्हणलं, कोरेगावापतुर ऱ्हाऊ दे. आन कोरेगावात ह्यो गडी फ्लेक्सच्या दुकानात शिरला." मग म्हणाले, "आन तू तरी कुठं सांगितलंस, खरी यादी लागल्याली?"

"तुला कसं कळलं?"

"सोमवारपास्नं अर्धी भाकरी टाकतीयास."

मी त्या दोघांच्या मधे उभी, आणि डोक्यावर माझ्या हातची यादी. सॉरी म्हटलं मी. दोनदा म्हटलं. आप्पा म्हणाले, "तुझा काय दोष न्हाई," पण होता. मला सीन भारी करायचा होता, आणि त्यासाठी मी जिवंत माणसांची नावं उचलली होती, त्यांना न विचारता.

"काढून टाकूया ह्यो," आप्पा म्हणाले.

"नको," वैष्णवी म्हणाली. "काढला तर गाव म्हणंल, कौतुक झालं, उतरवला. नंबर लागला हेच राहील लोकांच्या ध्यानात. ताई, पट्टी लावता येती न्हवं?"

लावता येती! मी बबनदादांना फोन लावला आणि कट्ट्यावर बसून मोबाइलवरच पट्टी बनवायला घेतली. एवढ्या हळू मी आयुष्यात टाइप केलेलं नाही. ती सांगत होती, मी लिहीत होते. 'ही यादी सिनेमातली आहे. खऱ्या यादीत वैष्णवीचे नाव आलेले नाही. ती परत परीक्षा देणार आहे.' मी जरा नाजूक अक्षर निवडलं, बारीक.

"मोठं घ्या ताई. लांबनं वाचता आलं पायजे."

आप्पा म्हणाले, "खाली माझं नाव घाल. सौजन्य."

पट्टी पाठवली तर बबनदादांचा लगेच फोन. "आगं, शुद्धीत हाय का तू? इतक्या वर्षांत असला माल छापला न्हाई मी. नंबर लागला न्हाई म्हणून कोण फ्लेक्स लावतंय?" पण छापून दिली, सोन्यानं टेम्पोतनं आणली. शिडी सोन्यानं धरली, मान खाली घालून. पट्टी वैष्णवीनं स्वतः वर चढून चिकटवली.

काका तरातरा आले. "लाज घालवली घराची."

"मी घालवली," आप्पा म्हणाले. "तिनं न्हाई. काय बोलायचं त्ये मला बोल."

काका आल्या पावली गेले. गाव दोन दिवस हसलं, मग पोरं विचारायला लागली, सिनेमा कवा येणार. सोन्यानं मला नंतर सांगितलं, की आप्पा पुढं आठ दिवस तिथंच बसून होते. ज्यानं वाचलं नाही त्याला पट्टी वाचून दाखवायचे. त्यांना त्यातलं फक्त 'वैष्णवी' वाचता येत होतं, बाकीचं पाठ केलं होतं.

त्यानंतर मी एक नियम केलाय. कागदावर जिवंत माणसाचं नाव त्याला विचारल्याशिवाय नाही. नावं जुळवायला आता मला दुप्पट वेळ लागतो, असिस्टंट डायरेक्टर वैतागतात, वैतागू देत. आणि सिनेमा आला तेव्हा बघितलं, ती यादी पडद्यावर दीड सेकंद दिसते. दीड! वैष्णवीचं पाणी तर एडिटिंगमध्येच गेलं, कॉमेडीत बसत नाही म्हणून. थेटरात हिरो स्टँडवर डबा उघडतो तेव्हा सगळे हसत होते. मला त्या जागी आता हसू येत नाही. सिनेमा चांगला आहे, बघा तुम्ही, माझंच जरा असं झालंय.

मधलं वर्ष वैष्णवीचा फार काही फोन नव्हता. मीही केला नाही. काय विचारणार? मग या पावसाळ्यात एके दिवशी तिचा मेसेज आला. काही लिहिलेलं नाही, नुसती एक फाइल. मी आधी फॉन्ट बघितला, सवय हो! इंग्रजी, वाकड्या रकान्यांची, एका ओळीवर दुसरी ओळ चढलेली. असली यादी मी सेटवर नेली असती तर मला हाकलून दिलं असतं. म्हणजे खरीच. एक्केचाळीस नंबरला वैष्णवी. सांगलीचं ते मोठं कॉलेज नव्हे, कराडकडचं एक साधं कॉलेज. मी युनिटच्या गाडीत एकटीच ओरडले, ड्रायव्हरनं ब्रेक मारला.

संध्याकाळी आप्पांचा फोन. "बाळ, पोरीनं यादी दावली, पर मला त्यातलं कायबी वाचाय येत न्हाई. मागच्यावाणी मराठीत करून दे की."

मी लगेच तिची एक ओळ मराठीत टाइप केली, कॉलेजचं नाव वर, छान मोठं अक्षर, सोन्याच्या मोबाइलवर पाठवली. पाच मिनिटांत परत फोन.

"ह्यात एकटीचंच नाव हाय."

"हो आप्पा, तिचंच दिलंय तुम्हाला, सापडायला सोपं."

"न्हाई बाळ. ही शूटिंगची वाटतीया. सगळ्यांची नावं घाल, मग मी हुडकतो तिचं."

मग मी बसले. वर्गाची साठच्या साठ नावं, एकेक मूळ यादीशी ताडून. एकही बनवलेलं नाही. यादी आप्पांच्या घराबाहेर जाणार नाही असं आधी वैष्णवीकडनं कबूल करून घेतलं. प्रिंट काढली. हात सवयीनं चहाच्या पातेल्याकडं गेला होता. पण घडीसुद्धा घातली नाही, पुठ्ठ्यात ठेवून, नवाकोरा कागद तसाच पाठवला.